न्यू हेवनच्या दोन शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो असतो, पालकसभेत असतो, उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातीत तर हमखास असतो. मुलाला स्वतःचा राग ओळखता यावा, आवरता यावा, शेजारच्याचं दुःख कळावं, हरल्यावर पुन्हा खेळायला उभं राहता यावं, एवढा त्याचा साधा अर्थ. शब्द तसा अलीकडचा. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या नावाचा निबंध लिहिला. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, डॅनियल गोलमन यांचं याच नावाचं पुस्तक निघालं आणि शब्द जगभर पोचला. यांतले सॅलोव्ही येल विद्यापीठात शिकवत होते. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन हे या विद्यापीठाचं गाव.

याच गावात, हा शब्द प्रचारात येण्याच्या बावीस वर्षं आधी, १९६८ साली दोन सरकारी प्राथमिक शाळांत एक काम सुरू झालं होतं. लहान मुलाच्या मनातली भीती, राग, परकेपणा हा शाळेच्या कामाचाच भाग आहे, असं धरून चाललेलं ते काम. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. ती मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण शब्दाची कीर्ती वाढत गेली तशी या कामातली मुख्य गोष्ट मात्र वाटेत सांडत गेली, असं माझं मत आहे.

न्यू हेवन म्हटलं की येलच्या दगडी इमारती आणि हिरवळी डोळ्यांसमोर येतात. त्या भिंतींपलीकडचं गाव वेगळं होतं. दक्षिणेतली शेती सोडून आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथल्या कारखान्यांच्या आशेनं येऊन राहिली होती. पुढे कारखाने आटू लागले. शहरसुधारणेच्या नावाखाली जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, माणसं इकडून तिकडे हलवली गेली. ऑगस्ट १९६७ मध्ये गावात दंगल झाली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी येलच्या बालमानस अभ्यास केंद्रातला एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ आपल्या लहानशा पथकाला घेऊन दोन शाळांच्या दारात उभा राहिला. एका शाळेला किंग यांचंच नाव होतं, दुसरीचं नाव बाल्डविन. दोन्ही शाळांतली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय आणि बहुतेक गरीब घरांतली. गावातल्या ३३ प्राथमिक शाळांची गुणांनुसार क्रमवारी लावली, तर या दोघींचा नंबर ३२वा आणि ३३वा. चौथीची मुलं वाचनात आणि गणितात वयाच्या मानानं दीड वर्षाहून अधिक मागे होती.

या तज्ज्ञाचं नाव डॉ. जेम्स कोमर. जन्म १९३४चा, इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागो या पोलाद कारखान्यांच्या गावातला. वडील पोलाद कारखान्यात कामगार. आई मॅगी दक्षिणेतल्या मिसिसिपीत, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरात वाढलेली. तिचं सगळं शिक्षण दोन वर्षांचंही नव्हतं, आणि पुढे तिनं लोकांच्या घरी कामं केली. या बाईच्या पाच मुलांनी मिळून तेरा पदव्या मिळवल्या. कोमर यांनी पुढे आईच्याच आठवणींचं एक पुस्तक केलं, ते १९८८ साली निघालं.

पण त्यांच्या मनात कायम घर करून राहिले ते शाळेतले तीन सोबती. तिघंही याच्यासारखेच हुशार, याच्यासारख्याच कामगारांची मुलं. मोठेपणी त्यांतला एक दारूनं लवकर गेला, एकाच्या आयुष्याचा बराच काळ तुरुंगात गेला, एकाला मनोरुग्णालयाच्या चकरा सुटल्या नाहीत. असं का व्हावं? कोमर शाळेतला एक प्रसंग सांगतात. वाचनालयातून पुस्तकं आणण्याची वर्गात चढाओढ होती. या तिघांनी एकही पुस्तक आणलं नाही. बाई संतापल्या आणि त्यांना बरंच लागेल असं बोलल्या. मुलांना वाचायचंच नाही, अशी त्यांची समजूत झाली. खरी गोष्ट कोमर यांना नंतर उमगली. त्या मुलांच्या आईबापांना गोऱ्या लोकांच्या कचेऱ्यांची, वाचनालयासारख्या ठिकाणांची भीतीच वाटत असे. तिथे जायचं कसं, बोलायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. कोमर यांच्या आईनं ते कुठून तरी, बहुधा गोऱ्यांच्या घरी काम करता करता, टिपून घेतलं होतं आणि मुलांच्या हाती दिलं होतं.

कोमर डॉक्टर झाले ते गावी परत जाऊन दवाखाना घालायचा म्हणून. पुढे मन बदललं आणि ते मानसोपचाराकडे वळले. दवाखान्यात एकेका मुलाला तपासून काय होणार, मूल दिवसातले सहा तास जिथे असतं ती जागाच बदलली पाहिजे, हा त्यांचा विचार. म्हणून ते शाळेत गेले. बरोबर एक समाजकार्यकर्ती, एक मानसशास्त्रज्ञ आणि विशेष मुलांना शिकवणारे एक शिक्षक. विद्यापीठातली चार माणसं शाळेत आली म्हणजे लगेच उजाडलं, असं मात्र झालं नाही. पहिलं वर्ष वाईट गेलं. नव्या पद्धतीचे मोकळे वर्ग करून पाहिले, ते अंगाशी आले. मुलं वऱ्हांड्यातून आरडाओरडा करत धावत, एकमेकांना शिव्या देत. पालक चिडून शाळेवर चालून आले. शिक्षक म्हणत, घरचं वळण नाही. पालक म्हणत, शिक्षकांना आमच्या मुलांची पर्वा नाही. आणि मुख्याध्यापकांना दोघंही बोलत. आपल्याकडच्या कुठल्याही पालकसभेत बसलेल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

इथे कोमर यांनी जी तोड काढली ती वरवर अगदी कोरडी, कारभाराची वाटते. त्यांनी शाळेत एक मंडळ नेमलं. मुख्याध्यापक त्याचे प्रमुख. त्यात शिक्षकांनी निवडलेले शिक्षक, पालकांनी निवडलेले पालक, मानसोपचाराचं एक माणूस, आणि शिपाई-स्वयंपाकी अशा इतर कर्मचाऱ्यांचाही प्रतिनिधी. सगळे मिळून डझनभर. या मंडळाला तीन नियम. पहिला, कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, अडचणीवर बोलायचं. दुसरा, मतदान घ्यायचं नाही, सगळ्यांना पटेल तिथपर्यंत बोलत राहायचं, कारण मतदानात कुणीतरी हरतं आणि हरलेला माणूस मग मनापासून काम करत नाही. तिसरा, मंडळानं मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत आणि मुख्याध्यापकांनी मंडळाला शोभेचं करायचं नाही. ज्याला आज आपण मुलांची भावनिक बुद्धिमत्ता म्हणतो तिची सुरुवात या शाळांत अशी मोठ्या माणसांच्या बैठकीतून झाली. राग आवरणं, दुसऱ्याची बाजू ऐकणं, हरल्याशिवाय माघार घेणं हे आधी शिक्षकांना आणि पालकांना करावं लागलं. मुलं ते बघत होती.

आता त्या मुलाची गोष्ट. कोमर यांनी ती लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला कळते. आठ वर्षांचा एक मुलगा दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या खेड्यातून न्यू हेवनला नातेवाइकांकडे राहायला आला. खेड्यात सगळे ओळखीचे, सगळे मायेचे. इथे आल्या आल्या मावशीनं कामावर जाता जाता त्याला शाळेच्या दारात सोडलं आणि ती निघून गेली. शाळेत आठवड्याच्या मधेच नवी मुलं येऊन पडत होती, त्यामुळे मुख्याध्यापक वैतागलेले. वर्गातल्या बाईंकडे आधीच्याच आठवड्यात आणखी काही मुलं आली होती. नवं मूल दारात दिसताच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मुलानं वाचलं. ते घाबरलं, बाईंच्या पायावर त्यानं लाथ मारली आणि पळ काढला.

एरवी काय झालं असतं? शिक्षा झाली असती. परत वर्गात आल्यावर मुलं फिदीफिदी हसली असती, म्हणून मारामारी, म्हणून पुन्हा शिक्षा. तीन-चार फेऱ्यांनंतर कागदावर 'वर्तनसमस्या' असा शेरा आणि मुलाची रवानगी मानसोपचारतज्ज्ञाकडे. म्हणजे कोमर यांच्याकडेच. या खेपेला शिक्षकांची बैठक झाली आणि बैठकीत एकच गोष्ट बोलली गेली. आठ वर्षांच्या पोराचं अंगण, मित्र, ओळखीचे आवाज, सगळं दोन दिवसांत नाहीसं झालं, तर त्याला कसं वाटत असेल? एवढं बोलल्यावर पुढचं शिक्षकांनीच सुचवलं. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा वर्गानं त्याचं स्वागत केलं, वर्गातल्या एका चांगल्या मुलाला त्याचा सोबती म्हणून नेमलं. काही दिवसांत पोरगं रुळलं. मग शाळेनं नियमच केला, की नव्या मुलाला आधी शाळा दाखवायची, माणसं दाखवायची, नंतर वर्गात बसवायचं. लाथ मारणारं मूल तेच होतं. बदललं होतं ते त्याच्याकडे बघणं.

अशा आणखी दोन-तीन गोष्टी झाल्या. दंगा करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं करण्याऐवजी शांत होण्यासाठी एक वेगळी खोली, आणि शिकण्यातून मन उडालेल्यांसाठी दुसरी, जिथे खेळता खेळता त्यांचं कुतूहल जागं करायचं. एका बाईंच्या लक्षात आलं, की वर्गातलं एक मूल कितीतरी महिन्यांनी आता कुठे आपल्याकडे बघून हसलं, आणि एवढ्यात वर्ष संपलं. म्हणजे पुढच्या वर्षी नवी बाई आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यावरून ठरलं, एकच शिक्षक त्याच मुलांबरोबर दोन वर्षं राहील. पहिल्या वर्षी जागचं न हललेलं मूल दुसऱ्या वर्षी दोन वर्षांचं अंतर कापतं, असं त्यांना दिसलं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या एकशिक्षकी शाळांत हे न ठरवता होत असे, ही आठवण ओघात येतेच. आणि ती प्रत्येक वेळी सुखाचीच असते असं नाही.

पालकांच्या बाबतीतही मजा झाली. सुरुवातीला नाताळच्या कार्यक्रमाला मूठभर आईबाप येत. मग काही आयांना वर्गात मदतनीस म्हणून थोडक्या तासांचं, पगारी काम दिलं. फुकट सेवा म्हणून बोलावलं असतं तर ज्यांना खरोखर यायची गरज होती त्या आल्याच नसत्या. आई वर्गात आहे म्हटल्यावर मूल जपून वागू लागलं, आणि बाई काय करतात ते आईलाही दिसू लागलं. यांतल्या काही जणी पुढे स्वतः शिकल्या, नोकरीला लागल्या. काही वर्षांत कार्यक्रमांना शेकड्यांनी माणसं येऊ लागली.

१९७७ मध्ये त्यांनी मुलांसाठी एक अभ्यासक्रम आखला. त्याचं नाव सरळ होतं, शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सामाजिक कौशल्यं. राजकारण आणि सरकार, व्यापार आणि पैसा, आरोग्य आणि आहार, अध्यात्म आणि फुरसतीचे छंद असे चार भाग. त्या वर्षी गावात महापौरांची निवडणूक होती. मुलांनी उमेदवारांना निमंत्रणाची पत्रं लिहिली. बस भाड्यानं घेऊन शिक्षक, पालक आणि मुलं गाव बघत फिरली, कुठला रस्ता चांगला, कुठला नाही, आणि त्याचा निवडून येणाऱ्यांशी काय संबंध. उमेदवार शाळेत आले तेव्हा यजमान मुलंच. अपमान न करता अडचणीचा प्रश्न कसा विचारायचा, याची त्यांनी आधी तालीम केली होती. नंतर आभाराची पत्रं लिहिली. भाषेचा तास त्यातच झाला. लाजणं, घाबरणं, चिडणं या सगळ्यांवर इथे काम होत होतं, पण खऱ्या माणसासमोर, खऱ्या कामातून. 'माझ्या भावना' असं शीर्षक दिलेल्या कोऱ्या चौकटीत चेहरे रंगवून नव्हे.

निकाल बोलके आहेत. १९७९पर्यंत चौथीची मुलं वयाच्या अपेक्षित पातळीला आली. १९८४ साली या कामातल्या दोन शाळांच्या चौथीचा गावात तिसरा आणि चौथा क्रमांक लागला. त्यांतली एक किंग. बाल्डविनशी नातं मध्येच संपलं होतं आणि तिच्या जागी ब्रेनन नावाची, तशाच वस्तीतली शाळा आली होती. हजेरीतही या शाळा गावात अगदी वर होत्या. घरची गरिबी मात्र होती तशीच होती.

इथे जरा थांबलं पाहिजे, कारण अशा गोष्टी ऐकल्यावर टाळ्या वाजवून घरी जायची आपल्याला सवय आहे. १९६८ ते १९८४ म्हणजे सोळा वर्षं. कोमर यांची पद्धत पुढे अमेरिकेतल्या शेकडो शाळांनी उचलली. थॉमस कुक या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. मेरीलँड राज्यातल्या एका परगण्यात, १९९९च्या अहवालानुसार, मुलांच्या गुणांवर तिचा फारसा परिणाम दिसला नाही. शिकागोत, २०००च्या अहवालानुसार, थोडा चांगला परिणाम दिसला. मला यात नवल वाटत नाही. मंडळ नेमता येतं, नियम फळ्यावर लिहिता येतात. पण दोष न देता बोलत राहण्याचा नियम परिपत्रकानं लागू होत नाही.

आणि हळूहळू गाडीनं रूळ बदलला. न्यू हेवनमध्येच रॉजर वाइसबर्ग, टिमोथी श्रायव्हर अशा मंडळींनी सगळ्या गावाच्या शाळांसाठी सामाजिक-भावनिक शिक्षणाचा कार्यक्रम उभा केला. काम चांगलं होतं. १९९४ मध्ये त्यातून 'कॅसल' ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत गोलमनही होते. पाठ, तास, कृती यांची आखणी झाली, ती सांगायला आणि विकायला सोपी. मुलाला कौशल्य शिकवायचं, मग ते आलं का बघायचं. मंडळ, मावशी, नाताळचा कार्यक्रम, दोन वर्षं तीच बाई, हे सगळं मागे पडलं. प्रश्न आता एकट्या मुलाचा झाला.

गोलमन यांच्या पुस्तकानं जो प्रयोग घरोघर पोचवला तो याच जातीचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल यांनी तो केला होता. मुलासमोर एक मऊ गोड वडी, मार्शमॅलो, ठेवायची. मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील, असं सांगून मोठ्या माणसानं बाहेर जायचं. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत सरस ठरली, असं मिशेल यांना आढळलं. त्यावरून जगभर बोलबाला झाला, की पोराचं भविष्य त्याच्या संयमात. ती मुलं बहुतेक विद्यापीठाच्या परिसरातली, प्राध्यापकांची वगैरे होती, हे कुणी फारसं लक्षात घेतलं नाही. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर हे पुन्हा तपासलं गेलं. आईचं शिक्षण आणि घरची स्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचं भाकीत बरंचसं विरघळून गेलं.

हे सांगायचं कारण दूरचं नाही. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे, आणि मुलाच्या भावनिक अंगाचीही नोंद ठेवणारं समग्र प्रगतीपत्रक त्यात सांगितलं आहे. हेतू उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण प्रगतीपत्रकावर नाव मुलाचं असतं. 'लगेच चिडतो', 'मिसळत नाही' ही नोंद त्याच्या नावापुढे पडते. ज्या दिवशी तो चिडला त्या दिवशी दारात कोण उभं होतं, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं, त्यासाठी रकाना नसतो.

न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशेल यांच्या प्रयोगात एक छोटा फरक केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्शमॅलो ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांबलात तर चांगले रंग आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. निम्म्यांना रिकाम्या हातानं येऊन सांगितलं, नाहीत, चुकलं माझं. मग नेहमीचा प्रयोग. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, चौदांपैकी नऊ जण तर पूर्ण पंधरा मिनिटं. ज्यांना एकदा फसवलं होतं ती तीन मिनिटं. त्या चौदांत शेवटपर्यंत थांबलेलं मूल एक.

किड यांनी पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवारागृहात काम केलं होतं. तिथल्या एखाद्या मुलाच्या हाती खाऊ किंवा खेळणं आलं, की मोठं पोर येऊन ते हिसकावून नेण्याचा धोका असेच. मिशेल यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपल्या तिथली सगळीच मुलं ती वडी ताबडतोब खाऊन टाकतील.